आफ्रिकन गणित-विज्ञानाचा पेटीसंच: वर्गात वर्षभर वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवते. वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं काळ्या अमेरिकन घरांतली. काहींचे आईवडील घाना, नायजेरिया, काँगो इथून आलेले. मागच्या वर्षी शाळेने आमच्या विभागासाठी आफ्रिकेच्या गणित-विज्ञान परंपरेवरचा एक तयार संच घेतला. लाकडी पेटी, आत वाळूचा ट्रे, ओवारे या बियांच्या खेळाचा पट, काँगोत सापडलेल्या खाचा असलेल्या इशांगोच्या हाडाची प्रतिकृती, आदिंक्रा चिन्हांचे ठसे, माहितीकार्डांचा जुडगा, पोस्टरं आणि शिक्षकांसाठी एक जाडजूड हस्तपुस्तिका. संच स्वस्त नाही. म्हणून विकत घेण्याआधी त्यात नक्की काय आहे आणि वर्गात त्याचं काय होतं, ते सविस्तर लिहिते.

निकाल आधीच सांगून टाकते. संच घ्यावा. पण हस्तपुस्तिकेतली काही पानं आणि एक पोस्टर वर्गात जाण्याआधी बाजूला काढून ठेवावं. का, ते पुढे येईलच.

पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वाळूचा ट्रे. अंगोलाच्या पूर्व भागात आणि शेजारच्या झांबिया-काँगोत राहणाऱ्या चोक्वे लोकांमध्ये वाळूवर रेषाचित्रं काढायची परंपरा होती, त्यांना ‘सोना’ म्हणतात. आधी जमीन साफसूफ करायची, मग बोटांच्या टोकांनी सारख्या अंतरावर ठिपके उमटवायचे आणि गोष्ट सांगता सांगता ठिपक्यांभोवतीने रेष फिरवत न्यायची. बोट न उचलता, न अडखळता. गुलामांचा व्यापार आणि नंतरची वसाहतवादी राजवट यांत ही कला जवळजवळ पुसली गेली. मोझांबिकमध्ये आयुष्य घालवलेले गणिती पाउलुस गेर्डेस यांनी जुन्या नोंदींमधली चित्रं गोळा करून त्यांमागचं गणित उलगडलं. संचातली सोनाची कार्डं उघडच त्यांच्या कामावर आधारलेली आहेत आणि कार्डाच्या मागे त्यांचं नाव ठळक छापलं आहे. हे मला आवडलं.

कार्डं चटईच्या विणीसारख्या नक्षीपासून सुरू होतात. ठिपक्यांचा आयत मांडायचा, समजा ३ ओळी आणि ४ स्तंभ. रेष ठिपक्यांच्या मधून तिरकी चालते, कडेला आली की आरशावर आपटलेल्या किरणासारखी वळते आणि परत तिरकी निघते. ३ × ४ मध्ये एकच रेष सगळ्या ठिपक्यांना वेढून सुरुवातीच्या जागी येते. ४ × ६ करायला घेतलं की मुलं थबकतात. रेष घरी परतली, पण कितीतरी ठिपके तसेच मोकळे! दुसरी रेष काढावी लागते. ३ × ३ ला तीन लागतात. पुस्तिका इथे शिक्षकाला बजावते की काही सांगू नका, फक्त फळ्यावर तक्ता करा. मी तसंच केलं. २ × ३ ला १, २ × ४ ला २, ३ × ५ ला १, ६ × ९ ला ३, ५ × ५ ला ५. तक्ता वाढत गेला आणि कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं लहान संख्या बघायची, कुणी म्हणालं सम-विषम बघायचं. ६ × ९ ने दोन्ही तर्क पाडले. शेवटी एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “हा मसावि आहे.” आणि लगेच, “८ × १२ करा, चार येतील.” केलं. चार आल्या.

मसावि मी कितीतरी वेळा शिकवला आहे. अवयव पाडा, सामाईक शोधा, सगळ्यात मोठा निवडा. मुलं करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. या वेळी त्यांना त्याची गरज पडली, कारण प्रश्न त्यांचा होता. पुढच्या कार्डावर तर कमालच आहे. आयतातून सगळ्यात मोठा चौरस कापून टाकला तरी रेषांची संख्या तीच राहते का, असं विचारलंय. राहते. मग उरलेल्या आयतातून पुन्हा चौरस कापा, पुन्हा कापा, फक्त चौरस उरेपर्यंत. मसावि काढायची युक्लिडची रीत हीच, आणि मुलं ती वाळूत हाताने करतात. या चार-पाच कार्डांसाठी मी पूर्ण पेटीची किंमत मोजायला तयार आहे.

तक्रार एकच, वाळूची. दाणा भरड आहे, रेषेच्या कडा ढासळतात आणि तिसऱ्या वळणापुढे कुठली रेष कुठून आली ते दिसेनासं होतं. आम्ही वाळू बारीक चाळणीने चाळली आणि किंचित ओलसर केली, मग बरं जमलं. एवढी महाग पेटी देताना बारीक वाळू द्यायला हवी होती.

ओवारेचा पटही चांगला आहे. घानातला हा खेळ, दोन ओळी, प्रत्येकी सहा खळगे, प्रत्येक खळग्यात चार बिया, एकूण ४८. एक खळगा रिकामा करून पुढच्या खळग्यांत एकेक बी पेरत जायचं. शेवटचं बी प्रतिस्पर्ध्याच्या खळग्यात पडून तिथे दोन किंवा तीन झाल्या तर त्या आपल्या. २५ जमल्या की जिंकलो. समोरच्याकडे एकही बी उरलं नसेल आणि त्याच्यापर्यंत पोचणारी खेळी आपल्याला शक्य असेल, तर ती करावीच लागते. या नियमावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली, मुलांना तो फार भावला. गणित म्हणाल तर खेळी करायच्या आधी शेवटचं बी कुठे पडेल ते लिहून ठेवा, एवढं सांगितलं तरी पुरे. १२ किंवा जास्त बिया उचलल्या तर सुरुवातीचा खळगा वगळून पुढे जायचं असतं. त्यामुळे ११ ने भागून बाकी पाहायची सवय आपोआप लागते. ॲमस्टरडॅमच्या दोन संगणकशास्त्रज्ञांनी २००२ साली हा खेळ संगणकावर पूर्ण सोडवला. दोन्ही खेळाडू बिनचूक खेळले तर बरोबरी होते, हेही कार्डावर आहे. पटाचे खळगे मात्र उथळ आहेत आणि प्लास्टिकच्या बिया घरंगळतात. आम्ही शर्टाची बटणं वापरतो.

इजिप्तची कार्डं नेटकी आहेत. आहमेस नावाच्या लेखनिकाने इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास एका जुन्या दस्तऐवजावरून उतरवून घेतलेला पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलीच उदाहरणं घेतली आहेत. १३ गुणिले २४ करायचं तर २४, ४८, ९६, १९२ असं दुप्पट करत जायचं. १३ म्हणजे १ + ४ + ८, तेव्हा २४ + ९६ + १९२, उत्तर ३१२. पाढे कच्चे असलेल्या मुलांना ही रीत भलतीच धीर देते. त्याहून छान म्हणजे दहा जणांत सहा पाव वाटायचं उदाहरण. आपण दशांश ०.६ म्हणून मोकळे होतो. आहमेसचं उत्तर आहे अर्धा अधिक एक दशांश. पाच पाव मधोमध कापा, सहाव्याचे दहा तुकडे करा, प्रत्येकाच्या हातात अगदी सारखे दोन तुकडे. एका मुलीने विचारलं, “मग आपण अपूर्णांक असे का नाही लिहीत?” त्यातून छेद समान करण्याच्या फायद्या-तोट्यावर इतकी चांगली चर्चा झाली की तास संपल्याचं कळलंच नाही. वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी व्यासाचा आठ-नवमांश घेऊन त्याचा वर्ग करायची रीतही आहे. तिच्यातून पायची किंमत २५६/८१, म्हणजे ३.१६ च्या आसपास निघते. हे सातवीला झेपतं, सहावीला जड जातं.

नायजेरियातल्या योरुबा भाषेतल्या संख्यांचं एकच कार्ड आहे, तशी अजून हवी होती. वीस हा पाया आणि वजाबाकीवर उभी रचना. एकोणीस-एकोणतीसला आपण एकच वजा करतो, इथे १५ ते १९ या सगळ्याच संख्या वीसमधून वजा करून होतात. ४५ म्हणजे तीन वीस, त्यातून दहा कमी, त्यातून आणखी पाच कमी. नायजेरियन घरातल्या एका मुलाने हे कार्ड घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी आजीकडून शंभरापर्यंतच्या संख्या लिहून आणल्या. त्या आम्ही संख्यारेषेवर मांडल्या.

आता दुसरी बाजू.

इशांगोचं हाड काँगोमधल्या एडवर्ड सरोवराच्या काठी, सेमलिकी नदी जिथून निघते तिथे, १९५० साली बेल्जियन भूगर्भशास्त्रज्ञ जाँ द हाइन्झलाँ यांना सापडलं. जेमतेम दहा सेंटिमीटर लांब, एका टोकाला बसवलेला गारगोटीचा तुकडा, वय साधारण २०,००० वर्षं. त्यावर खाचांचे तीन स्तंभ आहेत. एकात ११, १३, १७, १९. दुसऱ्यात ११, २१, १९, ९. मधल्यात ३, ६, ४, ८, १०, ५, ५, ७. संचातली प्रतिकृती वजनाला बरी आहे, पण मधल्या स्तंभाच्या खाचा इतक्या उथळ की बोटाने मोजताच येत नाहीत.

खरी अडचण पुस्तिकेत आहे. तिथे छातीठोकपणे लिहिलंय की आफ्रिकेतल्या माणसाला २०,००० वर्षांपूर्वी मूळ संख्या ठाऊक होत्या, कारण ११, १३, १७, १९ या १० ते २० मधल्या सगळ्या मूळ संख्या आहेत. असं म्हणायला पुरावा नाही. मूळ संख्या ओळखायची तर भागाकाराची कल्पना हवी, आणि शेजारच्याच स्तंभात ९ आणि २१ बसलेत. कुणाला त्या खाचांत दहा आणि वीसच्या एक मागे-एक पुढे अशा संख्या दिसतात. संशोधक अलेक्झांडर मार्शाक यांना चंद्राच्या कलांची नोंद दिसली. पहिल्या दोन्ही स्तंभांची बेरीज ६० येते आणि मधल्याची ४८, त्यावरून १२ च्या मोजणीचा तर्क करणारेही आहेत. नक्की काय, ते हाड सांगत नाही. पुस्तिकेचं पान बाजूला ठेवून मी नुसत्या संख्या फळ्यावर लिहिल्या आणि मुलांना विचारलं, हे कशाचं असेल? दुप्पट-निम्मेपट (३-६, ४-८, १०-५) त्यांनीच शोधून काढलं. मग ५ आणि ७ कुठे बसवायचे यावर दोन तट पडले. पुराव्याला धरून वाद घालणं सहावीच्या मुलांना उत्तम जमतं, त्यांना तयार उत्तर हातात देऊन आपणच ती संधी घालवतो.

लेबोंबोच्या हाडाचंही तसंच. दक्षिण आफ्रिका आणि एस्वातिनीच्या सीमेवरच्या गुहेतलं हे हाड ४०,००० वर्षांहून जुनं, त्यावर २९ खाचा. पुस्तिका म्हणते चांद्र महिना. पण ते हाड एका टोकाला तुटलेलं आहे. मूळच्या खाचा किती होत्या ते कसं ठरवणार?

आणि बेंजामिन बॅनेकर यांचं पोस्टर. १७३१ साली मेरिलँडमध्ये जन्मलेला हा स्वतंत्र काळा माणूस बहुतेक सगळं स्वतःच्या बळावर शिकला. लाकडी घड्याळ बनवलं, ग्रहणांची गणितं केली, १७९२ पासून स्वतःची पंचांगं छापली आणि गुलामगिरीबद्दल थेट तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफरसन यांना १७९१ साली पत्र लिहून जाब विचारला. यातली एकेक गोष्ट पोस्टरवर लावण्याजोगी आहे. पोस्टरवर मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय, तर वॉशिंग्टन शहराचा आराखडाकार लाँफाँ नकाशे घेऊन निघून गेला तेव्हा बॅनेकर यांनी संपूर्ण आराखडा स्मरणातून पुन्हा काढला. ही दंतकथा आहे. बॅनेकर १७९१ च्या सुरुवातीला अँड्र्यू एलिकट यांच्या सर्वेक्षण पथकात होते, सीमारेषेसाठी आकाशातली निरीक्षणं घेत होते आणि त्याच वसंतात घरी परतले. लाँफाँला कामावरून काढलं ते १७९२ च्या फेब्रुवारीत.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहिते त्याला कारण आहे. १९८७ साली ओरेगनमधल्या पोर्टलँड शहराच्या शाळांसाठी आफ्रिकन-अमेरिकन योगदानावरचे निबंध तयार झाले होते. त्यातल्या विज्ञानाच्या निबंधात प्राचीन इजिप्शियन लोक ग्लायडरमधून उडत असल्याचा दावा होता. तेवढ्या एका गोष्टीवरून टीकाकारांनी सगळाच प्रयत्न निकालात काढला, त्यातलं जे खरं आणि भक्कम होतं तेही झाकोळलं. माझ्या वर्गातला मुलगा अभिमानाने एखादी गोष्ट बाहेर सांगेल आणि तिथे कुणी ती फोन उघडून खोटी ठरवेल, तर तो बॅनेकर यांचं पंचांगही खोटं समजेल. हे मला चालणार नाही.

आदिंक्राचे ठसे दिसायला देखणे आहेत. घानातल्या असांते लोकांच्या कापडावरची ही चिन्हं, भोपळ्याच्या कवचातून कोरलेल्या ठशांनी छापतात. काही चिन्हांत सुरेख सर्पिलं आहेत, प्रतिबिंब आणि परिभ्रमणाच्या सममितीची तर खाणच आहे. पुस्तिका यावर एकही गणिती प्रश्न विचारत नाही. ‘सांस्कृतिक दिन साजरा करा, ठसे उमटवा’, बस्स. मुलांनी उमटवले, मजा आली, शिकली काहीच नाहीत. पुढच्या वेळी मी प्रत्येक चिन्ह किती अंशांत फिरवलं की पुन्हा तसंच दिसतं, याचा तक्ता करून घेतला. तोच तक्ता पुस्तिकेत असायला हवा होता.

माहितीकार्डांमध्ये दोन अशी आहेत की ती कुठल्याही गणित शिक्षकाने वापरावीत. पहिलं टॉमस फुलर यांचं. १७१० च्या सुमारास आफ्रिकेत जन्म, चौदाव्या वर्षी पकडून व्हर्जिनियात आणलं, गुलामीतच आयुष्य गेलं, लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हातारपणी काही लोक त्यांची परीक्षा घ्यायला आले. दीड वर्षात सेकंद किती? तोंडी उत्तर, ४,७३,०४,०००. मग विचारलं, ७० वर्षं, १७ दिवस आणि १२ तास जगलेला माणूस किती सेकंद जगला? उत्तर आलं २,२१,०५,००,८००. कागदावर हिशोब करणाऱ्याने सांगितलं, चुकलंत, संख्या एवढी मोठी नाही. फुलर म्हणाले, तुम्ही लीप वर्षं विसरलात.

कार्ड इथेच थांबतं आणि खाली फक्त ‘कोण बरोबर?’ असं लिहिलंय. वर्गाने करून पाहिलं. ७० गुणिले ३६५, त्यात १७ लीप दिवस, वरचे १७ दिवस, आणि अर्धा. २५,५८४.५ दिवस. गुणिले ८६,४००. कॅल्क्युलेटरवर तीच संख्या उमटली तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला. मग एका मुलीने शांतपणे विचारलं, “चौदा वर्षांचा असेपर्यंत त्याला मोजायला कुणी शिकवलं होतं?” या प्रश्नावर मी त्यांना योरुबा संख्यांचं कार्ड पुन्हा वाचायला दिलं.

दुसरं कार्ड ओनेसिमस यांचं. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या या गुलाम माणसाने बॉस्टनच्या कॉटन माथर या धर्मोपदेशकाला देवीच्या फोडातला पू निरोग्याला टोचायची आपल्याकडची रीत सांगितली. १७२१ च्या साथीत डॉक्टर बॉइलस्टन यांनी ती सुमारे अडीचशे जणांवर वापरली, त्यांतले सहा दगावले. शहरात एकूण ५,८८९ जणांना देवी आल्या आणि ८४४ मेले. टक्केवारी मुलांनीच काढली, एकीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास, दुसरीकडे चौदाच्या वर. टक्केवारीचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालेलं नाही.

टांझानियाच्या एरास्टो एम्पेम्बा यांचं कार्डही प्रामाणिक आहे. १९६३ मध्ये शाळेत आइस्क्रीम करताना गरम मिश्रण आधी गोठतं असं या विद्यार्थ्याने पाहिलं आणि १९६९ मध्ये त्यावर डेनिस ऑसबर्न यांच्यासोबत शोधनिबंध छापला. हा परिणाम नेहमी दिसतो का, यावर अजून एकमत नाही, हे कार्ड स्पष्ट सांगतं आणि करून पाहायला लावतं. आमचे निकाल संमिश्र आले. का आले, यावरच विज्ञानाच्या शिक्षिकेने पुढचा तास घेतला.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांची १९९५ मधली मांडणी थोडक्यात दिली आहे. मुलाच्या संस्कृतीशी जोडलेल्या शिकवण्याला तीन गोष्टी हव्यात: मुलाचा अभ्यास खरंच पुढे गेला पाहिजे, आपल्या संस्कृतीत त्याचे पाय घट्ट राहिले पाहिजेत आणि जे आहे ते तसं का आहे, असा प्रश्न त्याला विचारता आला पाहिजे. सोना आणि फुलर यांची कार्डं या कसोटीला उतरतात, आदिंक्राचं पान पहिल्याच अटीला अडतं. तिसरी अट तर पुस्तिका लिहिणारे पहिल्या पानानंतर विसरूनच गेलेत. इशांगोचं हाड आज ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. काँगोतून आलेल्या एका मुलाने ते वाचून लगेच विचारलं, ते तिथे का? पुस्तिकेत याचं उत्तर नाही, प्रश्नही नाही. आम्ही नकाशा काढला, १९५० साली काँगोवर राज्य कुणाचं होतं ते पाहिलं आणि मुलांनी संग्रहालयाला पत्र लिहिलं. हा तास मला स्वतःला उभा करावा लागला.

आजच्या आफ्रिकेबद्दल संचात जवळजवळ काहीच नाही, ही मोठी उणीव. क्ष-किरणांच्या वर्णपटविज्ञानात नाव केलेले घानाचे फ्रान्सिस अलोटे नाहीत, कर्करोगावर प्रकाशाने उपचार करण्याच्या पद्धतीवर काम करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या टेबेलो न्योकाँग नाहीत, केपटाउनजवळ मुइझेनबर्गला २००३ पासून चालणारी गणिताची संस्था नाही. मुलांना वाटतं, हे सगळं होऊन गेलं. पुढच्या आवृत्तीत दोन हाडांपैकी एक कमी करून ही कार्डं घालावीत, असं मी प्रकाशकांना कळवलं आहे.

सहावी ते आठवीला संच चांगला चालतो, त्याखाली ओवारे आणि दुप्पट करायची रीत एवढंच जमेल. एका पेटीत सहा-सात मुलांचा गट नीट बसतो, मोठ्या वर्गाला किमान तीन ट्रे लागतील, ते साधे वेगळे घेतले तरी चालतात. ओवारेपासून सुरुवात करू नका, मुलं मग दुसरं काही काढू देत नाहीत. सोनाच्या ३ × ४ च्या कार्डापासून करा, आणि वाळू आदल्या दिवशीच चाळून ठेवा.